परतीच्या कागदावर दोनच नावं

माझी लेक सात महिन्यांची असताना पहिल्यांदा विमानात बसली, आणि माझ्या मांडीवर बसली नाही. ती माझ्या सासूच्या मांडीवर बसली. मी, तिची आई, अठरा रांगा मागं. ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. एखादा पाहुणा विचारतो, "विमानानं गेला व्हता म्हणं तुमी? कसं वाटलं?" की सासू चहा टाकायला उठते आणि नवरा मोबाईलमध्ये तोंड घालतो. मी मात्र सांगते. विचारील त्याला सांगते. आणि आता लिहूनच काढते, म्हणजे कुणाला मधेच उठून जाता यायचं नाही.

मी आंबेगावच्या डोंगरातली. घोडेगावहून एसटी वर चढायला लागली की जवळजवळ शेवटी आमचं गाव येतं. भात, नाचणी, थोडी वरई, बाकी दगड. सासर जुन्नर तालुक्यात, आळेफाट्यापासून जवळ. विहीर, पाइपलाइन, कांदा, टोमॅटो, दारात ट्रॅक्टर. मी घोडेगावला कॉलेजात होते आणि नवरा तिथं ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला होता, तिथं आमचं जुळलं. सासूला मी कधीच पसंत नव्हते. "डोंगरातली हाय ती," असं ती माझ्यासमोर पाहुण्यांना सांगायची, आणि ते सांगताना आवाजसुद्धा खाली घ्यायची नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी डोंगर, मी उशिरा उठले तरी डोंगर.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरच्यांनी केलं. पोर घोडेगावच्या दवाखान्यात झाली. सासू बारशाला आली, लेकराचं तोंड बघितलं, "सुटलीस एकदाची" म्हणाली आणि कुंची न घालताच परत गेली. मी रडले. पण तीन महिन्यांनी सासरी गेले तर बाई पार बदललेली. दारातच पोर हातातून घेतली. अंघोळ तीच घालणार, तेल तीच चोळणार, झोळीला झोका तीच देणार. मी टोमॅटो तोडायला जायची, ती पोरीला घेऊन ओट्यावर बसायची. मला वाटलं, नातीनं हिला विरघळवलं. मी माझ्या आईला फोन करून सांगितलंसुद्धा, की आता सगळं बरं आहे. कसली येडी होते मी!

आता नणंद. ती नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. दवाखाने झाले, देव झाले, औषधं झाली. तिचा नवरा चंदीगडला कंपनीत आहे. त्यांनी तिथं फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. तिकिटं त्यांनीच काढली, विमानाची. आमच्या घरातलं कुणी कधी विमानात बसलेलं नव्हतं.

जायच्या महिनाभर आधी सासू मला म्हणाली, "वास्तुशांतीला पोरीला ताईच्या ओटीत घालू. शकुन व्हईल." ही रीत मला ठाऊक होती. आमच्या डोंगरातही होती. जिला मूल नाही तिला पाटावर बसवायचं, तिनं पदर पसरायचा, आणि लेकराच्या आईनं आपल्या हातानं लेकरू त्यात ठेवायचं. क्षणभरच. लगेच उचलायचं आणि उचलताना त्या जागी नारळ ठेवायचा. शकुनासाठी एवढंच. नारळ न ठेवता लेकरू तसंच राहू दिलं, तर मात्र ते तिचं झालं. मग आईनं मागं वळून बघायचं नाही. आमच्या गावात जुन्या काळी असं एक लेकरू दिलेलं होतं, थोरल्या जावेनं धाकटीला. मी सासूला म्हणाले, "घालू की आई, त्यात काय!" मनापासून म्हणाले. ताईबद्दल माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं.

मग सासूनं पोरीचा जन्मदाखला मागितला. विमानात लेकराच्या वयाचा पुरावा लागतो म्हणाली. मी दिला. तो तिनं नवऱ्याकडं न देता स्वतःच्या पिशवीत, साडीच्या घडीत ठेवला. मी बघितलं आणि सोडून दिलं.

निघालो त्या सकाळी भाड्याची गाडी केली होती. चाकणला गर्दीत अडकलो तेव्हा नवरा गाडीवाल्यावर उगाच खेकसला. पुण्याच्या विमानतळाच्या दारात बंदूकवाला जवान उभा होता. त्यानं हिंदीत ज्याचं त्याचं तिकीट आणि आधार हातात धरायला सांगितलं. आळेफाट्याच्या सायबर कॅफेतून काढलेले कागद नवऱ्यानं घाईघाईत वाटले आणि त्याच्या हातून सगळेच माझ्याकडं आले. मी वाचले. सासूला वाटतं डोंगरातलीला इंग्रजी येत नाही. मी एफ.वाय.ला होते, माझ्या बापानं भात विकून फी भरलीय.

एका कागदावर सासूचं नाव आणि तिच्याखाली पोरीचं. दुसऱ्यावर नवरा आणि मी. तिसरा कागद परतीचा, चौथ्या दिवसाचा. त्यावर दोनच नावं होती. नवऱ्याचं आणि माझं.

"आईंचं परतीचं कुठंय?" मी विचारलं.

"आई ऱ्हाणार हाय ताईकडं. महिनाभर."

"आणि पोरीचं?"

त्यानं कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "अगं, एवढ्याशा लेकराला कुठं तिकीट लागतं? एसटीत लागतं का?"

"मग जाताना कशाला काढलं?"

"ते... पयल्यांदा नोंद करायला लागती. येताना नाय."

आणि मी हे मानलं. हसू नका. आमच्या एसटीत कंडक्टर कडेवरच्या लेकराकडं बघतसुद्धा नाही, घंटी मारून पुढं जातो. विमानात एकदा नोंद झाली की झाली, असेल बाबा तसं, असं मला वाटलं. जी बाई रोज विमानानं फिरते ती फसली नसती. मी फसले. माझ्याच नवऱ्यानं मला तिथं दारात, रांगेत उभं राहून फसवलं.

आत गेल्यावर मी पोरीला घ्यायला हात पुढं केले. सासूनं तिला दुसऱ्या खांद्यावर टाकलं. "तिकीट माझ्या नावावर हाये. तुझ्याकडं बघितली तर चढू द्यायचे नाय." हेही मी ऐकलं. माझ्या त्या दिवसाच्या अकलेबद्दल आता काय बोलू!

सासूचे गुडघे दुखतात म्हणून जावयानं तिला पुढची, तिसऱ्या रांगेतली जागा घेतली होती. आम्ही एकविसाव्या रांगेत. खिडकीपाशी एक पंजाबी बाई, तिच्या मांडीवर लेकरू, मधे मी, कडेला नवरा. विमान पळायला लागलं, वर उचललं, आणि पुढून माझी पोर रडली. विमानात आणखी तीन-चार लेकरं रडत होती, पण माझी मला कळली. ती भुकेनं रडते तेव्हा आधी दोनदा अडखळते. माझा ब्लाऊज भिजला. शेजारची बाई आपल्या लेकराला ओढणीखाली घेऊन पाजत होती. ती मला हिंदीत म्हणाली, वर चढताना कान दुखतात, दूध पाजलं की थांबतं. मी म्हणाले, माझं लेकरू पुढं आहे. ती म्हणाली, पुढं? कुणाकडं? मला सांगायची लाज वाटली.

पट्टे बांधायचा दिवा विझला तशी मी उठले. नवऱ्याचे गुडघे आडवे. त्यानं ते हलवले नाहीत.

"बस की. आई हाये ना तिथं."

"पाय घ्या."

"लोक बघत्यात."

मी त्याच्यावरून ओलांडून गेले आणि त्याच्या बुटावर पाय दिला. चुकून नाही.

तिसऱ्या रांगेत सासू पोरीच्या तोंडात बाटली कोंबत होती. प्लास्टिकची, नवी. पोर मान इकडं तिकडं फिरवत होती, हनुवटीवरून पांढरं दूध गळ्यात चाललं होतं. माझ्या पोरीनं तोपर्यंत माझ्यासमोर बाटली कधी तोंडाला लावली नव्हती.

"हे काय आहे?"

"डब्याचं दूध. पंधरा दिस झालं देतीया. तू रानात गेली की."

"मला न विचारता?"

"सवय नको का व्हायला?"

"कसली सवय?"

तिनं बाटली परत पोरीच्या तोंडाला लावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकून पोर उचलली. सासूनं दुपट्याचं टोक धरून ठेवलं. दोघी एकाच दुपट्याला धरून उभ्या-बसल्या, असं ते दृश्य पुढच्या सगळ्या रांगांनी बघितलं. हवाईसुंदरी धावत आली. लेकरू घेऊन मागं तुमच्या जागेवर बसता येणार नाही म्हणाली, त्या रांगेत आधीच एक लहान मूल आहे, ऑक्सिजनचा जादा मास्क नाही. मी तिला सांगितलं, ही माझी मुलगी आहे, हिला दूध पाजायचंय, आणि मी इथून हलणार नाही. सासूच्या शेजारचा एक म्हातारा गृहस्थ उठला आणि माझ्या जागेवर निघून गेला. त्याचं भलं होवो.

मी बसले, पोरीला घेतलं. ती हुंदके देत देत प्यायला लागली. मग मी सासूला विचारलं, अगदी हळू, "आई, हिचं परतीचं तिकीट का नाही?"

तिनं पदर सारखा केला. तिला खोटं बोलायचीही गरज वाटली नाही. म्हणाली, "तुझं वय काय? तुला दुसरं व्हईल, तिसरं व्हईल. माझ्या लेकीचं वय बघ. चाळिशी आली तिची."

"म्हणून माझी द्यायची?"

"परक्याला न्हाई देत. आत्याकडं चालली. राणीवानी ऱ्हाईल. तुमच्या डोंगरात लेकींची काय वाण पडलीय? तुज्या आईनं चार काढल्याच की."

एवढं सरळ. टोमॅटोचा क्रेट इकडून उचलून तिकडं ठेवायचा, इतकं सरळ. मी म्हणाले, "माझ्या आईनं चार काढल्या, एकही कुणाला दिली नाही. आणि तुम्ही माझ्या पोरीला परत हात लावलात तर हात तोडीन." सासूला असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ती म्हणाली, "तुज्या नवऱ्यानं व्हय म्हटलंय. दिवाळीपासून ठरलंय."

दिवाळीपासून. म्हणजे पोर चार महिन्यांची होती, मी तिला पहिल्या दिवाळीचं झबलं घालून ओवाळत होते, आणि तो तोंडात मूग धरून फराळ खात होता. उतरताना सासूनं पोर मागितली. मी दिली नाही. चंदीगडला उतरल्यावर नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "आई म्हणली, तिथं गेल्यावर समजावू तुला. ताईची दशा बघून तूच व्हय म्हणशील." मी त्याच्याकडं बघितलं आणि मला तो माणूसच नकोसा झाला. अजूनही कधी कधी होतो.

नणंदेच्या घरात पुढचे दोन दिवस मी पोर खाली ठेवली नाही. संडासाला जाताना घेऊन गेले, अंघोळीला घेऊन गेले, बादलीशेजारी टॉवेलवर ठेवलं आणि एक डोळा तिच्यावर ठेवून चार तांबे अंगावर ओतले. एका खोलीला पिवळा रंग दिला होता. त्यात लाकडी पाळणा, आणि कपाटात बारके फ्रॉक, एक वर्षाचे, दोन वर्षांचेसुद्धा, घड्या घालून. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हीसुद्धा सामील. ताई सारखी माझ्यामागं. "वहिनी, गरम पाणी काढलंय. वहिनी, तुम्ही जेवून घ्या, मी घेते तिला जरा." मी एकदाही दिली नाही. "नको" एवढंच म्हणायचे. ती बिचकून मागं सरायची, आणि थोड्या वेळानं परत यायची. मला तिचे ते पुढं केलेले हात बघवत नव्हते.

वास्तुशांत झाली. होम झाला, आरती झाली. कंपनीतल्या मराठी माणसांच्या बायका आल्या होत्या, सहा-सात जणी. सासूनं हॉलमध्ये पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. ताई हिरवी साडी नेसून पाटावर बसली आणि पदर पसरला.  सासू मला म्हणाली, "ये. ठेव. आईच्याच हातानं पडलं पायजे."

मी पोर घेऊन पुढं गेले. ताट बघितलं. गहू, खण, हळकुंडं, सुपारी, खारका. नारळ नव्हता.

"नारळ कुठंय?" मी म्हणाले.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आई, शकुनाला नारळ लागतो. कुठंय तो?"

"चार लोकांत शोभा करू नको," सासू दात खाऊन म्हणाली. नवरा दारात उभा होता, तो गॅलरीत निघून गेला.

ताईनं मान वर केली. पदर तसाच पसरलेला. "वहिनी, नारळ कशाला? तुम्हीच आईला म्हणालात ना, की तुम्ही देताय? मी तर मागितलं नव्हतं. आईनं फोन केला, की वहिनी स्वतःहून..." आणि मग तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या आईच्या तोंडाकडं, आणि ती बोलायची थांबली.

मला तेव्हाच कळलं की तिला काही ठाऊक नव्हतं. अगदी स्वच्छ कळलं. तिलाही माझ्यासारखंच फसवलं होतं, फरक एवढाच की मला महिनाभर आणि तिला तीन महिने. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. जे काही बोलायचं ते सासूला बोलायला हवं होतं, ती हाताच्या अंतरावर उभी होती. पण तीन दिवसांचा राग तोंडाशी आलेला, आणि समोर पसरलेला पदर ताईचा. मी म्हणाले, "मी असलं काही बोलले नाही. आणि लोकांच्या लेकराला पदर पसरण्याआधी, ताई, आपली कूस बघायची."

सहा-सात बायका होत्या तिथं. एकीनं हातातली वाटी खाली ठेवली. ताईनं पदर गोळा केला, खांद्यावर घेतला, पाटावरून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या लाटायला लागली. जेवायला वीस माणसं होती.

दुपारी तिच्या नवऱ्यानं पोरीचं परतीचं तिकीट काढलं, माझ्या नावाखाली, आणि मोबाईल मला दाखवून "बरोबर आहे का बघा" एवढंच म्हणाला. सासू भिंतीकडं तोंड करून पडली होती. नवरा म्हणाला, "एवढं बोलायला नको व्हतं." मी म्हणाले, "तुम्ही तोंड उघडलं असतं तर मला उघडायला लागलं नसतं."  सासूवरचा माझा राग गेलेला नाही. तिनं माफी मागितली नाही आणि मागितली तरी मी देणार नाही, हे दोघींनाही माहीत आहे. पोर आता बालवाडीत जाते. आजीच्या ताटात जेवते, तेव्हा मी बघत असते.

ताईवर मात्र माझा राग नाही. ती त्यानंतर गावी आलेली नाही. दिवाळीला पोरीसाठी फ्रॉक पाठवते, तो बरोबर मापाचा असतो.

आम्ही निघालो त्या दिवशी सासू खाली आली नाही. ताई आली. हातात पुऱ्यांचा डबा होता, तो तिनं नवऱ्याच्या पिशवीत घातला. टॅक्सी यायला पाच मिनिटं होती. तीन दिवसांत तिनं पोरीला एकदाही उचललं नव्हतं, कारण मी उचलू दिलं नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढं केले, पण फार नाही, थोडेसेच.

"वहिनी, एकदाच. गाडी येईपर्यंत."

"झोपलीय ती," मी म्हणाले.

पोर टक्क जागी होती. माझ्या खांद्यावरून तिच्याकडं बघून हसत होती.